तांब्याला ॲल्युमिनियम

२ एप्रिल २०२५, बुधवार

खोकं आलं. कुरिअरची गाडी वाशीमकडे जाता जाता नाक्यावरच्या ढाब्यावर टाकून गेली, तिथून बाबांनी खांद्यावर आणलं. आत प्रोसेसर थंड करायचा लिक्विड कूलर आहे. नेहमीचा नाही, पुढे वाढवता येणारा.

बाबांना जसं समजावलं तसंच इथे लिहून ठेवते, मत लिहिताना कामी येईल. कॉम्प्युटरचा प्रोसेसर तापतो. त्याच्या डोक्यावर तांब्याची चकती बसवायची, तिच्यातून पाणी खेळवायचं, ते नळीने रेडिएटरमध्ये नेऊन पंख्याने गार करायचं आणि परत आणायचं. ट्रॅक्टरच्या इंजिनाचंच तंत्र. पंप, नळ्या, पाणी सगळं कारखान्यातूनच भरून येतं म्हणून ऑल-इन-वन. आजवर हे सीलबंद यायचे, चार-पाच वर्षांत पाणी कमी झालं की भंगारात. हा मात्र उघडता येतो. नळ्यांना आट्यांचे सांधे आहेत, पाणी भरायला वेगळं बूच आहे, दुसरा रेडिएटर जोडता येतो, ग्राफिक कार्डही याच पाण्यावर घेता येतं.

"म्हंजी शेतातल्या पाइपासारखं," बाबा म्हणाले. "पाहिजे तवा जोड द्यायचा आन् वाढवत न्यायचं."

"बराबर."

नांदेडच्या डिस्ट्रिब्युटरने हिंगोली जिल्ह्यात दोनच नग पाठवलेत. वापरून बघा, मराठीत पहिलं मत लिहून द्या, ज्याचं काम पक्कं दिसेल त्याच्याकडे जिल्ह्याची सर्व्हिस. दुसरा नग कुणाला, म्हणून मी विचारलं. "संतरामजींना. तुम्ही ओळखत असाल."

ओळखते! सहा वर्षं त्याच्या दुकानात पडद्यामागे बसून मी मशीन जोडल्या आणि पडद्यापुढे बसून त्याने नाव कमावलं. तीन वर्षांपूर्वी एका क्लासवाल्यांच्या मशीनमध्ये सुटे भाग जोडून केलेल्या कूलरचं पाणी सांडलं, बोर्ड जळाला. आठ गिऱ्हाइकांपुढे तो म्हणाला, "पोरीच्या हातात पाना दिला, चूक माझीच झाली." तेव्हापासून मी घरीच मशीन जोडते आणि हिंगोलीत माझं नाव पानीवाली. तो सांधा मी आवळला होता आणि दिवसभर चालवून पाहिला होता. थेंबसुद्धा नव्हता.

आता दोघांच्या हातात एकसारखं हत्यार आलं आहे. बघू.

५ एप्रिल, शनिवार

माझ्याच मशीनवर बसवला. पहिलं मत: हाताला वजन लागतं, रेडिएटर खरोखर तांब्याचा आहे, रंगाखाली कोपऱ्यात लाल झाक दिसते. नळ्या जाड, वळवल्या तरी चिमटत नाहीत. सांधा हाताने आवळावा आणि मग पान्याने पाव फेरा, जास्त नाही. पंपाचा बारीक गूं आवाज येतो, पण बाबांच्या मोटारीत तार भरायच्या वायंडिंग मशीनपुढे तो काय ऐकू येणार! दुपारी खोलीत एकोणचाळीस अंश असताना दोन तास व्हिडिओ रेंडर केला. जुन्या पंख्याच्या कूलरवर प्रोसेसरचं तापमान चौऱ्याण्णववर जायचं, आज एकाहत्तरच्या वर गेलं नाही.

दोष: पुस्तिका. अक्षर मुंगीएवढं, त्यातून मराठी एक शब्द नाही. अकराव्या पानावर लाल चौकटीत लिहिलं आहे की वाढवताना तांब्याचे किंवा पितळेचेच भाग जोडा, ॲल्युमिनियम बिलकूल नको. ही ओळ खोक्यावरच छापायला हवी होती.

आई म्हणाली, किती दिवसांनी गुणगुणून राहिली तू. मला कळलंच नव्हतं.

९ एप्रिल, बुधवार

संतरामचा फोन. तीन वर्षांत पहिला. नंबर अजून पाठ आहे याचाच राग आला.

"ऐश्वर्या, मी संतराम बोलून राहिलो. ते कूलरचं पुस्तक तुझ्याकडं बी आलं असंल. मधी कुठंतरी लाल चौकट हाय बघ. तिच्यात काय लिवलंय, वाच बरं जरा."

मी तेरा-चौदाची नाही आता परीक्षा द्यायला. गल्ल्यावर बसून, फोन स्पीकरवर ठेवून, चार माणसांना ऐकवत असणार की बघा, हिला इंग्रजी तरी येतं का.

"चष्मा लावा आन् वाचा," मी म्हणाले.

 मग, "चष्मा हाय," एवढंच म्हणून फोन ठेवला.

दिवसभर अंगात गुदगुल्या होत होत्या. त्याला गप्प करता येतं तर!

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीला आई-बाबांबरोबर हिंगोलीला गेले. पांढरी साडी, निळी पिन. मिरवणूक चौकात आली तेव्हा संतराम सरबताच्या टेबलामागे उभा होता. मी आणि आई अगदी समोर, मधे फक्त ते टेबल. आई म्हणाली, "जय भीम, संतरामभाऊ."

"जय भीम, चांगुणाबाई," तो आईकडे वळून म्हणाला. "पोरगी न्हाई आली का?"

मी समोर उभी! हात लांबवला असता तर त्याच्या चष्म्याला लागला असता. आणि विचारतो, पोरगी न्हाई आली का. अपमान करायची ही नवी तऱ्हा. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

आई बोलणार होती, मी तिला ओढून पुढे नेलं. आता सर्व्हिस मिळवणं पुरेसं नाही. त्याच्या दुकानावरची पाटी उतरलेली बघायची आहे मला.

२२ एप्रिल, मंगळवार

आज सापडला.

त्याने व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर फोटो टाकला आहे. मोहनसिंगच्या लग्नाच्या व्हिडिओ स्टुडिओत कूलर बसवला, वर दुसरा रेडिएटर जोडला, ग्राफिक कार्डही पाण्यावर घेतलं. 'हिंगोलीत पहिल्यांदाच.' फोटो मोठा करून पाहिला. एक पंखा तिरपा, त्याचा एक स्क्रू लागलेलाच नाही. आणि दुसऱ्या रेडिएटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यावर कंपनीच्या नावाखाली लिहिलंय: ॲल्युमिनियम.

फोटोत मला वाचता आली ती अक्षरं, आणि याला वस्तू हातात धरून वाचता येऊ नये? घाई, दुसरं काय. स्वस्तातला माल उचलला आणि बसवला. शेजारी अर्धी रिकामी झालेली आरओच्या पाण्याची बाटली दिसते आहे. म्हणजे गंज धरू नये म्हणून जे औषध पाण्यात असतं तेही पातळ करून टाकलं.

एक फोन केला तर अर्ध्या तासात काढून टाकता येईल. मोहनसिंगचा नंबरही आहे.

नाही करणार.

२३ एप्रिल, बुधवार

बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं. तीस वर्षं जळालेल्या मोटारीत नवी तार भरतात ते.

"तांब्याच्या तारेला ॲल्युमिनियमची तार जोडली तर?"

"कोरड्यात बी सांधा खराब व्हतो. वल असली तर मंग संपलंच. पांढरी भुकटी धरती. ॲल्युमिनियम आधी मरतंय." मग माझ्याकडे बघून, "कुनी केलंय असं?"

मी सांगितलं. ते हातातली तार गुंडाळत राहिले.

"सांगितलं का त्याला?"

"त्यानं इचारलं न्हाई."

"त्याचं सोड. ती मशीन कुनाची हाय?"

मी चहा ठेवायला उठले.

६ मे, मंगळवार

त्रेचाळीस अंश. संतरामच्या स्टेटसवर रोज कुणाचं तरी अभिनंदन. मशीन अजून चालू आहे. मी रोज सकाळी उठल्या उठल्या तेच बघते. आधी बघते आणि मग तोंड धुते.

डिस्ट्रिब्युटरला माझं मत अजून पाठवलं नाही. लिहून तयार आहे, पण शेवटचा परिच्छेद मोकळा ठेवलाय. तिथे लिहायचं आहे की जिल्ह्यातल्या एका अनुभवी दुकानदाराने काय केलं आणि त्याचं काय झालं. आधी ते व्हायला तर हवं.

१९ मे, सोमवार

पंखे आणायला हिंगोलीला गेले होते. खरं लिहायचं तर पंखे नांदेडहून मागवता आले असते. मोहनसिंगच्या स्टुडिओवरून जायचं होतं.

पायऱ्यांवर अंजली भेटली. तिथे एडिटिंग करते, नरसीहून रोज येते, बावीस-तेवीसची असेल. संतरामच्या दुकानात मी असताना कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी यायची, तिला मीच सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. उन्हात पायरीवर बसून डबा खात होती.

"ताई, बरं झालं तुमी भेटल्या. नवी मशीन चार दिवसांपासून आपोआप बंद पडून राहिली. हात लावला तर वरची नळी गरम अन् खालची गार. आसं काहून व्हत असंल?"

पाणी फिरत नाही म्हणून. चकतीच्या बारीक खाचा बुजल्या म्हणून. सगळं उत्तर जिभेवर आलं होतं. सत्तावीस दिवस वाट पाहिलेली गोष्ट माझ्यापुढे डबा धरून बसली होती.

"ज्यानं बसवली त्याला इचार," मी म्हणाले.

"त्यांना दोनदा बोलावलं. ते नळ्या चाचपून बघतेत, आवाज ऐकतेत आन् म्हनतेत पंप चालू हाय. सेठ मलाच म्हनतेत, तू स्क्रीनवर लई खिडक्या उघडून ठेवती." ती हसली. "पन् मशीन हाय भारी, ताई. एवढं फास्ट काम मी कधीच केलं नव्हतं."

तिने डब्यातली मिरचीची भाजी पुढे केली. मी एक घास खाल्ला आणि निघाले.

जीपमध्ये बसल्यावर मोजलं: आठवडा, फार तर दहा दिवस.

२९ मे, गुरुवार

मोहनसिंगचा फोन.

"मशीन खतम हो गई, ऐश्वर्या. धूर आला अंदर से. वरच्या जाळीतून पाणी टपकलं कार्डावर. दोन लग्नं अडकली माझी. तू येऊन बघ ना एकदा. संतराम सांगतो कूलर चांगला होता, वापरणाऱ्यानं वाट लावली."

"कोन वापरत व्हतं?"

"वो अंजली. आज सकाळीच घरी पाठवली तिला. सगळ्यांसमोर रडत होती, पण मी काय करू? गिऱ्हाईक बसले होते. पोरीच्या हातात एवढी भारी मशीन दिली, चूक माझीच ना."

त्याला कुठून ठाऊक असणार की हेच वाक्य मला पाठ आहे.

उद्या येते म्हणून सांगितलं. पाने, ट्रे, टॉर्च, सगळं पिशवीत भरलं. मग पिशवी रिकामी करून पुन्हा भरली. आनंदाने, असं लिहिणार होते. लिहिते: बहुतेक आनंदाने.

३० मे, शुक्रवार

जसं झालं तसं लिहिते.

स्टुडिओत सहा-सातजण होते. मोहनसिंग, त्याचे दोन कॅमेरावाले, एका लग्नाची माणसं आणि भिंतीपाशी खुर्चीवर संतराम. वाळलाय. मी कुणाशी न बोलता कामाला लागले. मशीन आडवी केली, नळी सोडली, पाणी काचेच्या ग्लासात काढलं. राखाडी, त्यात जेलीसारखे पांढरे लोळे. चकती उघडली. तांब्याच्या खाचा दिसतच नव्हत्या, चुना थापल्यासारखं झालं होतं. वरचा रेडिएटर पालथा केला तर टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं.

मग मी उभी राहिले. तीन वर्षं आंघोळ करताना, जीपमध्ये बसताना घोकलेलं होतं सगळं.

"हे बघा सगळ्यांनी. तांब्याच्या कूलरला ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडलाय. पुस्तिकेत लाल चौकटीत लिवलंय जोडू नका म्हनून. रेडिएटरवर बी चिठ्ठी हाय. अंजलीनं काय केलं न्हाई. हे ज्यानं बसवलं त्यानं केलंय. आता सांगा, पानीवाली कोन?"

 संतरामने मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या जरा डावीकडे.

"ऐश्वर्या हाय का ही?" त्याने मोहनसिंगला विचारलं. "कवा आली?"

मी दहा मिनिटं त्याच्यापासून चार हातांवर काम करत होते.

तो उठला, टेबल चाचपत आला. रेडिएटरवरून बोटं फिरवली, चिठ्ठीवर थांबली. नाकाजवळ धरली, मग लांब धरली. "काय लिवलंय?"

"पोरासोरांना बी वाचता येईल."

"मला न्हाई येत." आवाज अगदी साधा होता. "साखरेनं डोळ्याचा पडदा गेला. चार सालापासून कमी व्हत व्हतं, दोन सालापासून मधलं काहीच दिसत न्हाई. कडेकडेचं दिसतंय. लाल चौकट दिसली, अक्षर न्हाई दिसलं. म्हनून तुला फोन केला व्हता."

मोहनसिंग म्हणाला, "अरे यार, फिर काम काहून घेतलं?"

संतराम त्याच्याकडे वळला नाही. "ऐश्वर्या, क्लासवाल्याच्या मशीनीला बी मीच हात लावला व्हता. तू घरी गेल्यावर. वाटलं सांधा ढिला हाय, म्हनून परत बसवला. आट्या वाकड्या बसल्या, मला दिसलं न्हाई. सकाळी पानी पाहिलं तवाच कळलं मला."

"तवाच?"

"व्हय."

"मंग काहून न्हाई बोलला?"

"आंधळ्याकडं कोन मशीन आनंल? दुकान बसलं असतं."

म्हणजे त्याला माहीत होतं. तीन वर्षं मी समजत होते की त्याची चूक झाली, घमेंडीत माझ्यावर ढकललं आणि स्वतःलाही तेच खरं वाटू लागलं. तसं नव्हतं. माझं नाव बुडत असताना तो सगळं जाणून गल्ल्यावर बसला होता. डोळ्यांची कीव करायला हवी होती का मी? तिथे उभं राहून शोधली, सापडली नाही.

"माफ कर," तो म्हणाला. सगळ्यांपुढे म्हणाला, हे खरं आहे.

"न्हाई," मी म्हणाले.

"बराबर हाय." त्याने मान हलवली. कॅमेरावाल्याने त्याला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या.

मोहनसिंगने अंजलीला तिथल्या तिथे तीन फोन लावले. तिने एकही उचलला नाही.

१ जून, रविवार

नरसीला गेले. मोहनसिंगचा निरोप पोचवायला, असं घरी सांगितलं. बाबा म्हणाले, निरोप फोनवर बी पाठवता येतो. मी चपला घातल्या.

खरं कारण मला ठाऊक होतं. ही बातमी ऐकून जिला सगळ्यात जास्त बरं वाटेल अशी एकच व्यक्ती होती, आणि ते तोंड मला बघायचं होतं.

अंजलीचं घर देवळाच्या रस्त्यापासून आत, पत्र्याचं. तिची आई भागाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. "या बाई. पोरगी तीन दिवस झाले नीट जेवत न्हाई. गावात लोकं इचारतेत, मशीन जाळली म्हने तुमच्या पोरीनं." तिने आतून चटई आणून टाकली, पाणी दिलं. अंजली येऊन समोर बसली. डोळे सुजलेले.

मी सगळं सांगितलं. ग्लासातलं पाणी, पांढरे लोळे, भोकं, संतरामचं तोंड. मोहनसिंग माफी मागतोय, सोमवारपासून ये म्हणतोय. तुझं नाव मी सहा माणसांपुढे धुऊन काढलं. माझं नाव धुवायला तीन वर्षं लागली, तुझं तीन दिवसांत झालं. असं सगळं मी जोराजोरात सांगत होते.

तिचा चेहरा खुलत होता. खरंच खुलत होता. भागाबाई पदराने डोळे पुसत चुलीकडे गेली, "बसा, चहा टाकते," म्हणाली.

"ॲल्युमिनियम व्हय?" अंजली म्हणाली. "नुसतं बघून कळतं ते?"

"चिठ्ठी व्हती ना त्याच्यावर. फोटोत बी दिसत व्हती."

"कोनच्या फोटोत?"

"त्यानं स्टेटसला टाकला व्हता."

 "कवा?"

खोटं बोलता आलं असतं. परवाच पाहिला, असं म्हणता आलं असतं. पण त्या घरात बसून, त्यांचं पाणी पिऊन, जीभ वळली नाही.

"बावीस एप्रिलला."

तिने बोटांवर काही मोजलं नाही. नुसती बघत राहिली, जणू मी अजून काही सांगणार आहे.

"म्हंजी पायरीवर मी इचारलं, तवा तुमाला माहीत व्हतं."

"व्हय."

"मी नळी गरम-गार सांगितली तवा?"

"व्हय, अंजली. पन् मला त्याला..."

 बाहेर एक शेळी दावं ओढत होती. अंजली उठली, माझ्यापुढचा रिकामा पेला उचलला, आणि माझ्याकडे न बघता चुलीच्या दिशेने म्हणाली,

"आई, चहा नको टाकू. ताई निघाल्या."